नको म्हणायची शिकवणी

“काकानू, तुमी आता बोलू नकात. वायच गप ऱ्हवा.”

रोशेल टीचरने हे मान वर न करताच सांगितलं. ती लादीवर चक्क पालथी पडली होती आणि तिच्या नाकासमोर पाच वर्षांची तन्वी डब्याचं झाकण गरागरा फिरवत होती. झाकण फिरून फिरून आडवं पडलं की तन्वी ते पुन्हा उभं करी आणि पुन्हा फिरवी. रोशेलने दुसरं झाकण उचललं आणि तिच्यासारखंच फिरवलं. तिचं पडलं, हिचंही पडलं. कोपऱ्यातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या दत्तारामने कपाळाला हात लावला. मुंबईत शिकून आलेली बाई, मालवणात हिचं एवढं नाव, लांबलांबून लोक आपली पोरं हिच्याकडे घेऊन येतात, आणि ही बसलीय झाकणं फिरवत.

“टीचर, ह्या तर ती घराकडेय करता,” तो म्हणालाच.

तन्वीने झाकण टाकून दोन्ही हात कानांवर दाबले.

आता यात दत्तारामचा तरी काय दोष? उभा जन्म त्याने भाताची गिरण चालवली. पट्टा सुरू झाला की शेजारी उभ्या असलेल्या माणसाशीही ओरडूनच बोलावं लागायचं. पुढे गिरण विकून टाकली, पण ते त्याच्या गळ्याला कुणी कळवलंच नाही. त्याने घरात साधं पाणी मागितलं तरी शेजारच्या परसातली कोंबडी फडफडून उडायची. वाडीत मात्र या आवाजाला मान होता. कुणाचं घर असो, होडी असो, बारसं असो, देवाला गाऱ्हाणं घालायचं तर दत्तारामनेच. एकाने देवापुढे मागणं मागायचं आणि जमलेल्या सगळ्यांनी एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणून त्याला दुजोरा द्यायचा, अशी आपल्याकडची रीत. दत्तारामने गाऱ्हाणं घातलं की ते देवाला तर ऐकू जायचंच, पण खाडीपलीकडच्या लोकांनाही जायचं. अशा आवाजाच्या माणसाच्या घरात कान झाकून घेणारी नात जन्माला यावी, याला काय म्हणायचं?

तन्वी तीन वर्षांची झाली तरी बोलेना, तेव्हा ‘आमचो धनेशय उशिराच बोल्लो’ असं सांगून त्यानेच सगळ्यांची तोंडं बंद केली होती. शेवटी सून संचिता तिला ओरोसच्या डॉक्टरकडे घेऊन गेली, दत्तारामही बरोबर होता. डॉक्टरांनी पोरीला बराच वेळ न्याहाळलं आणि ऑटिझम म्हणून सांगितलं. दत्तारामने विचारलं, “मगे गोळी खंयची?” डॉक्टर म्हणाले, “काका, याला गोळी नसते. तिच्याशी खेळायचं. शिकलेल्या माणसाकडून ते खेळणं शिकून घ्यायचं आणि रोज खेळायचं.” दत्तारामला वाटलं, डॉक्टरने आपल्याला वाटेला लावलं.

पण दुसरा इलाज नव्हता. मुलगा धनेश जहाजावर. सहा-सहा महिने त्याचं तोंड फोनवरच दिसायचं. संचिता सकाळच्या बसने ओरोसला कचेरीत जायची ती दिवेलागणीला परत यायची. बायको जानकी तन्वी तान्ही असतानाच गेली. उरला दत्ताराम. तोच तन्वीला रिक्षात घालून रोशेलकडे आणायचा आणि खुर्चीवर बसून मुकाट बघायचा. निदान मुकाट राहायचा प्रयत्न तरी करायचा.

रोशेलने आता साबणाच्या फुग्यांची बाटली काढली. एकदाच फुंकर मारली. फुगे तरंगत गेले, फुटले. तिने बाटलीचं झाकण लावलं आणि ती नुसती बसून राहिली. काही बोलली नाही, काही विचारलं नाही. दत्ताराम खुर्चीत पुढे सरकला. अगो, फुंक ना, बघत काय बसलीस, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. तन्वीने बाटलीकडे बघितलं, मग रोशेलच्या हाताकडे, आणि मग अगदी क्षणभर तिच्या तोंडाकडे. बाटली ढकलून तिच्या मांडीशी नेली.

“होया? घे तर,” म्हणत रोशेलने फुंकर मारली.

“बघलात काकानू? तिना माझ्याकडे मागल्यान,” ती हळूच म्हणाली. “तुमी घराकडे असाच करा. तिच्या खेळात तुमी जावा, तिका वडून तुमच्या खेळात हाडू नकात. आणि थांबा. तुमी लय घाय करतास.”

घाई तर तो करणारच. गिरणीच्या तोंडातलं भात संपायच्या आत वरून दुसरं ओतायचं, हेच त्याने जन्मभर केलेलं. रिकामं ठेवायचं हे त्याला ठाऊकच नव्हतं.

आणि मग ती होडीची गोष्ट घडली.

शेजारच्या सत्यवानाने नवी होडी केली. पाण्यात घालायच्या दिवशी किनाऱ्यावर नारळ ठेवला आणि गाऱ्हाण्याला दत्तारामला बोलावलं. घरी कुणी नाही म्हणून तो तन्वीला बरोबर घेऊन गेला, वाळूत बसवलं आणि सुरुवात केली. “बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान आज नवी होडी केल्यान आसा रे म्हाराजा...” तन्वीचे हात कानांवर गेले. “व्हय म्हाराजा,” माणसं म्हणाली. “तिका वाऱ्यापावसात सांभाळ रे म्हाराजा...” “व्हय म्हाराजा.” दोन-चार खेपा झाल्या आणि दत्तारामला डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसलं, की पोरीचे हात खाली आले आहेत. आवाज तोच, तेवढाच मोठा. पण तो एका चालीत वर चढत होता आणि ठरल्या जागी खाली उतरत होता. पुढे काय येणार ते कळलं की तिला भीती वाटत नाही, हे रोशेलने त्याला नंतर समजावून सांगितलं. त्या वेळी त्याला एवढंच कळलं, की सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणून थांबल्यावर मागून एक बारीक, वेगळा आवाज आला.

“व्हय म्हालाजा.”

दत्तारामच्या तोंडचं गाऱ्हाणं तोंडातच राहिलं. हातात नारळ तसाच, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी.

“दत्तादा, फुडे बोला मरे,” सत्यवान म्हणाला, “होडी ऱ्हवली ना माजी.”

पुढचं कोण बोलतंय? सत्यवानाची होडी अर्ध्या गाऱ्हाण्यावरच पाण्यात गेली, आणि खोटं कशाला सांगा, बरी चालते.

त्या दिवसापासून दत्तारामच्या पडवीत रोज गाऱ्हाणं सुरू झालं. रोशेलकडे बघून तो एक गोष्ट पक्की शिकला होता: पोरीने काही चांगलं केलं की लगेच तिला आवडेल ते द्यायचं. तन्वीला जत्रेतलं खाजं आवडायचं. गुळात घोळलेले, आल्याच्या चवीचे ते तुकडे त्याने डबा भरून आणून ठेवले. चेडू म्हणजे मुलगी. “बा देवा म्हाराजा, ह्या चेडू आज पेज खातला रे म्हाराजा.” “व्हय म्हालाजा.” की दिला तुकडा. “ह्या चेडू न्हाणयेत जातला रे म्हाराजा.” “व्हय म्हालाजा.” दुसरा तुकडा. पेज खाताना कटकट नाही, आंघोळीला रडारड नाही. पाच वर्षं मुकं असलेलं घर बोलायला लागलं. दत्ताराम येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून ऐकवू लागला.

वाडीलाही मजा. “तन्वी, माझ्या सुनेचा चेडू होतलंस?” “व्हय म्हालाजा.” “तुझो आजो येडो आसा?” “व्हय म्हालाजा.” हसून हसून लोकांच्या पोटात दुखायचं आणि सगळ्यांत मोठ्याने दत्ताराम हसायचा. संचिता मात्र हसायची नाही. ती दारात उभी राहून लेकीच्या तोंडाकडे बघत राहायची. एकदा म्हणाली, “बाबानू, ती सगळ्याकच व्हय म्हणता.” तो म्हणाला, “म्हणांदे गो. तोंड उघडल्यान ह्या काय कमी आसा?”

रोशेलला ऐकवलं तेव्हा तीही आधी खूश झाली. एकाने बोलायचं, दुसऱ्याने थांबायचं, मग दुसऱ्याने बोलायचं, हे पोरीला कळलं म्हणजे मोठी गोष्ट, असं म्हणाली. मग तिने आपल्या पायातली चप्पल काढून तन्वीसमोर धरली.

“तन्वी, ही चप्पल खातलंस?”

“व्हय म्हालाजा,” तन्वी म्हणाली आणि खाज्यासाठी हात पुढे केला.

“काकानू, तिका सवाल कळाक नाय,” रोशेल शांतपणे म्हणाली. “तिका इतक्याच कळला, समोरचो आवाज थांबलो की ह्या बोलाचा, आणि मगे खाजा गावता. आता आपल्याक दुसरा पण शिकवक होया. नायतर ह्या बरा न्हय.”

दत्तारामला ते फार लागलं. “टीचर, पाच वर्सां माझ्या घरात आवाज नव्हतो. आता इलो, तर तुमी तेतूर खोडी काढतास?” तो उठलाच. पुढच्या वाराला रिक्षा मिळाली नाही, त्याच्या पुढच्या वाराला गुडघा दुखत होता. खरं म्हणजे रिक्षाही होती आणि गुडघाही ठीक होता.

दिवाळीच्या सुट्टीत मालवणात पाय ठेवायला जागा नसते. किल्ल्यावर जाणाऱ्या होड्यांसाठी धक्क्यावर ही गर्दी. दत्ताराम तन्वीला घेऊन तिथे गेला होता तो सत्यवानाकडून मासळी घ्यायला. तन्वी पायरीवर बसून शिंपल्यांची रांग लावत होती. सत्यवानाशी बोलता बोलता त्याने पाठ फिरवली. बोलत काय होता, तर नात कशी घडाघडा बोलते तेच. वळून बघतो तर शिंपले पायरीवर आणि तन्वी नाही.

 समोर समुद्र. धक्क्याच्या दोन्ही बाजूंना पाणी, आणि पोरीला पाण्याची भीती म्हणजे काय ते ठाऊक नाही. “तन्वी!” त्याने हाक मारली. सगळा धक्का वळून बघू लागला. गाऱ्हाण्याचा तो आवाज त्याने पार फाटेपर्यंत ताणला, पण हाकेला ओ द्यायला त्याने नातीला कधी शिकवलंच नव्हतं. शिकवलं होतं ते एवढंच, की कुणी काही म्हटलं की व्हय म्हणायचं. हे आत्ता त्याच्या डोक्यात आलं.

सत्यवानाने होडीवाल्यांना भराभर फोन लावले. किल्ल्यावर गेलेल्या एका होडीत अशी एक मुलगी आहे म्हणून कळलं. ती होडी परत येईपर्यंत दत्ताराम पायरीवर उभा होता, आणि त्याला कुणी ‘काका, पाणी घ्या’ म्हटलं तेही ऐकू येत नव्हतं.

होडी लागली. नारिंगी जॅकेट घातलेल्या तन्वीला एका बाईने उचलून खाली दिलं. घाटावरची, चांगल्या घरची बाई. ती स्वतःच रडकुंडीला आलेली.

“आजोबा, खरंच हो, मी विचारलं तिला,” ती म्हणाली. “आमचा मोठा ग्रुप. ही अगदी आमच्यातच येऊन उभी होती. म्हटलं, बाळा, आई पुढे गेली का? तर व्हय म्हणाली. बोटीत बसलीय का? व्हय म्हणाली. आम्हाला वाटलं मागच्या बोटीतल्यांची असेल. जॅकेट ठीक आहे ना, ऊन लागत नाही ना, सगळं विचारलं. दर वेळी व्हय महाराजा. सगळ्यांना गंमत वाटली. रडलीसुद्धा नाही एकदा.”

दत्तारामने पोरीला घेतलं. फ्रॉक ओला होता, आणि तो समुद्राच्या पाण्याने नव्हता. जॅकेटचे पट्टे सोडताना तिचा डावा हात त्याच्या हाती आला. मनगटावर दातांचे वळ उठले होते, एकावर एक, आणि मधून रक्त आलं होतं. इंजिनाची घरघर, अनोळखी माणसं, अंगाला आवळलेलं जॅकेट. लोक विचारत होते आणि ती व्हय म्हणत होती, आणि मधल्या वेळात आपलाच हात चावत होती.

“दुखता गो बाय?” त्याने विचारलं.

“व्हय म्हालाजा,” तन्वी म्हणाली आणि खाज्यासाठी दुसरा हात पुढे केला.

खरंच दुखत होतं म्हणून म्हणाली, की सवयीने, हे कळायला त्याला काही मार्ग नव्हता. तो मार्ग त्यानेच बंद केला होता.

संध्याकाळी संचिताने लेकीच्या मनगटाला हळद लावली. ती सासऱ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही.

“बाबानू, तुमी नसतास तर माका नोकरी करूक मिळाक नसती, ह्या माका कळता,” ती म्हणाली. “पण ही बाई बरी होती. उद्या कोण वायट माणूस येतलो. चल म्हणतलो, आणि ही व्हय म्हणतली. माका रात्री झोप येवची नाय आता.”

दत्तारामने खाज्याचा डबा उचलला आणि फळीवर अगदी वर, आपलाही हात पोचणार नाही असा ठेवला.

दुसऱ्या दिवशी तो रोशेलसमोर मान खाली घालून बसला.  पहिल्यांदाच त्याला गप्प राहा म्हणून सांगावं लागलं नाही. रोशेलने पोरीचा हात बघितला. चूक कुणाची हा विषयसुद्धा तिने काढला नाही.

“आता तिका नको म्हणाक शिकवया,” ती म्हणाली.

“ता कसा शिकवचा?”

“बोलान सांगून नाय येवचा. आपण नको म्हटला की समोरचो माणूस थांबता, ह्या तिका दिसाक होया. दर खेपेक. तुमका राग इलो तरी, वायट वाटला तरी.” मग थोडं थांबून ती म्हणाली, “आणि काकानू, नको तर ती आतापण म्हणता. तोंड फिरयता, हात ढकलता, आंग ताठ करता. आपणच ऐकणव नाय.”

दत्तारामला हे नवीन होतं. त्याच्या लेखी तो पोरीचा हट्ट होता.

खेळ असा ठरला. दत्तारामने तन्वीला न आवडणाऱ्या वस्तू एकेक करून पुढे करायच्या. ओला पंचा, कारल्याची फोड, लोकरीची टोपी. तिने हात ढकलला की रोशेल तिच्या मागून, तिच्याच आवाजात बोलावं तसं, हळूच ‘नको’ म्हणायची. लगेच दत्तारामने ‘बरा, नको’ म्हणून वस्तू मागे घ्यायची. आग्रह नाही, ‘वायच खाऊन तरी बघ’ नाही, ‘अशी काय गो’ नाही. मधेच एखादा फुगा, एखादं झाकण, तिच्या आवडीचं. ते ती घेईल तर घेऊ द्यायचं. दत्ताराम वस्तू पुढे करी आणि नात ती नाकारी. दिवसातून कितीदा तरी. खेळ आहे हे ठाऊक असूनही त्याचं मन थोडं थोडं खट्टू व्हायचंच.

“घरात असा काय आसा काय,” रोशेलने एकदा विचारलं, “जा तिका आवडत नाय, तरी तुमी रोज करतास?”

दत्तारामने मनापासून आठवून बघितलं. “माका तरी काय सुचत नाय, बाय,” तो म्हणाला.

पडवीतलं गाऱ्हाणंही बदलायचं ठरलं. इथे मात्र दत्ताराम अडला. गाऱ्हाण्याला आजवर कुणी नको म्हटलेलं त्याने ऐकलं नव्हतं. ते म्हणायचंच नसतं. पहिल्या दिवशी तो देवघरात गेला, दिवा नीट केला आणि म्हणाला, “देवा, ह्या तुझ्या नावान न्हय, चेडवाच्या नावान आसा. वायच कान बंद कर.” मग पडवीत येऊन बसला. “बा देवा म्हाराजा, ह्या चेडू कच्चा कारला खातला काय रे म्हाराजा?” आणि स्वतःच बारीक आवाज काढून उत्तर दिलं, “नको म्हाराजा.” तन्वी म्हणाली, “व्हय म्हालाजा,” आणि समोर धरलेलं कारलं तिने सरळ तोंडात घातलं. तिचं तोंड असं काही वाकडं झालं, की दत्तारामला हसू आवरेना आणि रडूही आवरेना.

पावलं फार हळू पडत होती. कधी वाटायचं, कळलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिलं तेच. वाडीतले लोक म्हणायचे, “दत्तादा, चेडवाक चार चांगल्यो गोष्टी शिकवचे सोडून नको म्हणाक शिकवतास? उद्या डोक्यार बसतली.” तो म्हणायचा, “बसांदे.” मात्र एक झालं. पोरीने तोंड फिरवलं की तो थांबू लागला. पेजेचा घास अर्ध्यावर थांबवायचा, कडेवर घ्यायला पुढे केलेले हात मागे घ्यायचा. थांबून बघता बघता त्याला दिसायला लागलं, की ही मुलगी दिवसभरात किती बोलते. गिरणीत एवढी वर्षं काढलेल्या माणसाचा आवाजही खाली आला. शेजारची कोंबडी आता निवांत असायची. पोरीचे हात कानांवर जाणं कमी कमी होत गेलं, आणि तेवढ्यावरच तो समाधानी होता. शब्द आज येईल, उद्या येईल, नाहीतर येणारही नाही. पण संचिताचं ते बोलणं त्याच्या मनातून जात नव्हतं, म्हणून कारलं, पंचा आणि टोपी घेऊन तो रोज बसायचा.

चैत्र सरत आला होता. घरापुढच्या खळ्यात कोकमाची सोलां वाळत घातलेली. संचिताची बस यायला अजून अवकाश होता. दत्ताराम नारळाचं तेल वाटीत कोमट करून पडवीच्या पायरीवर येऊन बसला. जानकी गेली तेव्हापासूनचा हा नेम. एवढंसं पोर आणि त्याला काय करावं ते कळत नव्हतं, तेव्हा एवढी एक गोष्ट त्याला जमली होती. जानकी चोळायची तसं पोरीच्या टाळूवर तेल घालायचं आणि हळूहळू जिरवायचं. पोर मोठी झाली, अंगाला हात लावू देईना, पाप्या घेऊ देईना. पण तेलाला मात्र दोन गुडघ्यांच्या मधे येऊन बसायची. पाठ त्याच्याकडे, मान एकदम ताठ. ‘तेलाक कशी शाण्यासारखी बसता,’ असं तो सगळ्यांना कौतुकाने सांगायचा. दिवसभरातली त्याची हीच वेळ. आजोबा म्हणून काय ते सुख त्याला मिळायचं ते इथेच.

तन्वी येऊन बसली. त्याने तळहातावर तेल घेतलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

तिने आपले दोन्ही हात वर नेले, त्याचा हात धरला, डोक्यावरून उचलला आणि त्याच्याच गुडघ्यावर नेऊन ठेवला.

“नको,” ती म्हणाली.

चाल नव्हती. म्हाराजा नव्हतं. खाज्यासाठी हात पुढे केला नव्हता. कुणी विचारलंही नव्हतं.

दत्तारामने वाटीकडे बघितलं. पहिल्यांदा वाटलं, चुकून म्हणाली असेल. वाटीत तेल आहे, कोमट आहे. केस रखरखीत झालेत. एवढंसं लावलं तर काय होतंय? हात आपोआप वर गेलाही. तन्वीने मागे वळून बघितलं नाही. तिचे खांदे तेवढे कानांपर्यंत वर चढले होते आणि ती वाट बघत होती. दत्तारामने ते खांदे बघितले. रोजच ते असे असायचे. रोज संध्याकाळी, इतकी वर्षं. तो त्यालाच शहाणपण म्हणत आला होता. 

त्याने हात मागे घेतला.

“बरा,” तो म्हणाला. इतक्या हळू तो आयुष्यात कधी बोलला नसेल. “नको.”

तन्वीचे खांदे खाली आले. ती उठली, पायऱ्या उतरून खळ्यात गेली आणि वाळत घातलेल्या सोलांभोवती गोल गोल चालू लागली.

संचिता कुंपणाच्या बेड्यातून आत आली तेव्हा ती अजून चालतच होती. संचिताने लेकीकडे बघितलं, तिच्या कोरड्या केसांकडे बघितलं, मग पायरीवरच्या वाटीकडे.

“बाबानू, आज तेल नाय घातलात?”

“नको म्हणाली.”

“कोण?”

“कोण म्हंजे? तन्वी.” त्याने खळ्याकडे बोट केलं. “माझो हात धरल्यान, बाजूक ठेवल्यान, आणि नको म्हणाली. सपष्ट.”

संचिताची पर्स खांद्यावरून घसरून खाली पडली. ती तिथेच खालच्या पायरीवर बसली आणि पदरात तोंड घालून रडायला लागली. दत्तारामने तिला रडू दिलं. मग तिने डोळे पुसले आणि सासऱ्याकडे नीट बघितलं.

“तुमका वायट वाटला?” तिने विचारलं.

“माका कित्याक वायट वाटात?” तो म्हणाला. “ह्याच तर शिकवलंय तिका.”

ती पर्स उचलून आत गेली. चुलीवर चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला. दत्तारामच्या दोन्ही हातांना तेल होतं आणि पुसायला जवळ फडकं नव्हतं. थोडा वेळ तो हात तसेच उताणे धरून बसला. मग त्याने लुंगी वर केली आणि ते तेल आपल्याच गुडघ्यांना लावलं. हळूहळू, जिरेपर्यंत चोळत राहिला.